सत्यान्वेषी : पानावरचा आणि पडद्यावरचा

बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांनी १९३२ साली व्योमकेश बक्षीला जन्म दिला आणि १९३६ पर्यंत त्याच्या दहा कथा लिहून ते थांबले. १९३८ साली पटकथालेखनासाठी ते मुंबईस बॉम्बे टॉकीजमध्ये आले. व्योमकेश पुन्हा अवतरला तो १९५१ च्या सुमारास. आणि १९५२ मध्ये चित्रसृष्टीचा निरोप घेऊन शरदिंदु पुण्यास स्थायिक झाले. इतकी वर्षे पडद्यासाठी लिहिणाऱ्या या लेखकाच्या रहस्यकथा मात्र अस्सल ग्रंथगत राहिल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या ग्रंथगततेचे मर्म निवेदनात आहे. बहुतेक कथा व्योमकेशचा मित्र अजित सांगतो. तो पाहतो तेवढेच वाचकास दिसते. दुवा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, पण त्याचा अर्थ त्याला उमगत नाही. म्हणून वाचकाची फसवणूकही होत नाही आणि रहस्यही अभंग राहते. ‘सत्यान्वेषी’ या कथेत व्योमकेश खोटे नाव धारण करून अजितच्याच खोलीत राहतो. पानावर हे नाव आपण निमूटपणे स्वीकारतो. पडद्यावर मात्र परिचित नटाचा चेहरा दिसताच गुपित फुटते.

सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘चिडियाखाना’ या कादंबरीवर चित्रपट केला. त्याला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. उत्तमकुमारांनाही त्या वर्षीच्या अभिनयपुरस्काराचा मान मिळाला, आणि त्यात या भूमिकेचाही वाटा होता. तरीही मूळ अडचण सुटली नाही. कादंबरीच्या अखेरीचा प्रदीर्घ उलगडा हे वाचकाच्या चिकाटीचे फळ असते. पडद्यावर तेच एका माणसाचे लांबलेले भाषण होते.

या अडचणीवरचा उपाय राय यांनी स्वतःच्याच कादंबरीवर योजला. त्यांच्या ‘सोनार केल्ला’मध्ये (१९७१) फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे निवेदक आहे, आणि मुकुल या मुलाबरोबर राजस्थानात हिंडणारे डॉक्टर हाजरा तोतया आहेत हे अखेरपर्यंत कळत नाही. १९७४ च्या चित्रपटात खऱ्या हाजरांना कड्यावरून ढकलल्याचे प्रेक्षक आधीच पाहतो. ‘गुन्हेगार कोण?’ हा प्रश्न मागे पडतो आणि त्या मुलाचे काय होणार, ही काळजी मनाचा ताबा घेते. लेखकाने स्वतःचे रहस्य स्वतःच मोडले, म्हणून चित्रपट उभा राहिला.

पडद्याने ग्रंथाचे ऋणही फेडले. संतोष दत्त यांनी जटायू साकारल्यानंतर राय यांच्या पुढील रेखाचित्रांतील जटायू त्यांच्यासारखा दिसू लागला. १९९३ साली बासू चटर्जींच्या दूरदर्शन मालिकेने व्योमकेशला हिंदीतून देशभर नेले. रजित कपूर यांचा व्योमकेश आणि सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती मराठी घरांतही ओळखीची झाली. एका भागात मावणारी लघुकथा आणि सोबत वावरणारा अजित यांमुळे ती मालिका मूळ कथेच्या लयीजवळ राहिली.

तेव्हा ‘चित्रपट मूळ कादंबरीशी प्रामाणिक आहे काय?’ हा अभ्यासकाचा नेहमीचा प्रश्न अपुरा ठरतो. निवेदकाने जे झाकले होते ते कॅमेऱ्याने केव्हा आणि कशासाठी उघड केले, हे विचारावयास हवे. व्योमकेशला गुप्तहेर म्हणवून घेणे रुचत नसे. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवीत असे. पुस्तकात या अन्वेषणात वाचक त्याचा सहकारी असतो. पडद्यावर तो साक्षीदार होतो. या दोन नात्यांतले अंतर ओळखणे हेच या तुलनेचे खरे प्रयोजन होय.