विझवणाऱ्याची विल्हेवाट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, आमच्या नागपुरातल्या सोसायटीच्या जिन्याखाली सहा अग्निशामक उभे होते. केव्हापासून, ते कुणालाच ठाऊक नव्हते. जिन्याचे रंगकाम निघाले तेव्हा त्यांच्यावरची जळमटे काढली गेली आणि सभेत एकमताने ठरले, की हे भंगारात देऊन टाकावे. भंगारवाला आला. लोखंडाचा भाव एक, पितळेचा अलग, असे म्हणत त्याने सर्वांत जड सिलिंडर दोन पायांत धरला आणि वरच्या पितळी व्हॉल्व्हला पाना लावला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आमचे शेजारी, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ, जिन्यावरूनच ओरडले, "थांब बाप्पा! काहून मरतो?"

भंगारवाला थांबला. मग आम्ही त्या सिलिंडरचे वजन केले. त्यातला वायू जवळजवळ पूर्ण शिल्लक होता. व्हॉल्व्ह निघाला असता तर त्या माणसाचे काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न लागून राहिला. आग विझवण्याच्या साधनांचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो, पण ही साधने म्हातारी झाल्यावर त्यांचे काय करायचे? शोधायला गेलो तेव्हा कळले, की या साधनांची जवळजवळ प्रत्येक पिढी जाताना आपला एक वेगळा धोका मागे ठेवून गेली आहे.

आपल्या गावाचा आगीशी संबंध जुना. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस, तेल आणि लाकडी फरशा, म्हणजे आगीला आमंत्रणच. छतातून आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर भारतात प्रथम बसवले गेले ते या गिरणीत, असे टाटांच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्या सुमारास युरोपात हातात धरायचे अग्निशामक रूढ होत होते. इंग्लंडमध्ये कॅप्टन मॅन्बी यांनी १८१८ साली तांब्याच्या भांड्यात क्षाराचे पाणी आणि दाबलेली हवा भरून पहिला प्रयत्न केला होता. पण खरा प्रसार झाला तो सोडा-ॲसिडचा. १८६६ साली फ्रान्समध्ये कार्लिए यांनी त्याचे पेटंट घेतले. त्यात सोड्याचे पाणी होते आणि टार्टारिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेत असते तेच. पुढे त्याची जागा गंधकाच्या तेजाबाने घेतली. शंकूच्या आकाराचे ते लाल नळकांडे जुन्या सिनेमागृहात, वाळूच्या लाल बादल्यांच्या शेजारी, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वरची खुंटी आपटायची, आतली तेजाबाची काचेची कुपी फुटायची, सोडा फसफसायचा आणि त्या वायूच्या जोराने पाणी बाहेर यायचे.

युक्ती साधी होती, पण एक खोट होती. या नळकांड्यात एरवी दाब नसतो. तो निर्माण होतो नेमका आग लागल्यावर, माणसाने ते हातात घेतल्यावर. वर्षानुवर्षे आतून गंजलेला पत्रा बाहेरून टवटवीत लाल दिसतो आणि पहिल्यांदाच दाब आला की फाटतो. अमेरिकेत असे डाख दिलेले किंवा रिव्हेट मारलेले, उलटे करून वापरायचे अग्निशामक १ जानेवारी १९८२ पर्यंत कामाच्या जागांवरून काढून टाकण्याचा नियम झाला. आपल्याकडे ते अडगळीत गेले, आणि अडगळीची खोली म्हणजे आपल्याकडे निम्मे संग्रहालयच!

पिढीतले दुसरे अपत्य फार देखणे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पितळेचे हातपंप आले. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड नावाचे द्रव भरलेले असे. मोटारगाड्यांत आणि विजेच्या यंत्रांजवळ ते ठेवत. या द्रवाची वाफच मुळात यकृताला घातक, आणि तापलेल्या धातूवर ते पडले की फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला तोच फॉस्जीन. भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट बनवायलाही तोच लागे. आज असे पितळी पंप जुन्या वस्तूंच्या दुकानात हौसेने घेतले जातात. घ्यायला हरकत नाही, पण हलवून पाहा. आत काही डुचमळत असेल तर ती शोभेची वस्तू नव्हे.

आता दाबाकडे येऊ. इथे आपले नागपूर थेट गोष्टीत शिरते. १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली १९३८ साली सरकारने जाहीर केले, की धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रवरूपात भरलेला वायू हा स्फोटकच समजला जाईल. त्यावरून १९४० साली गॅस सिलिंडर नियम आले. पुढे १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. हे नियम सांभाळणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो', हिचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. आणि आग विझवणारे अधिकारी जिथे घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपुरात आले. म्हणजे शिकवणारे आणि नियम राखणारे, दोघेही आपल्याच गावचे. तरी आमच्या जिन्याखाली सहा सिलिंडर पडून होते, हे वेगळे सांगायला नको.

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाला दाब दाखवणारा काटा नसतो. भरलेला आणि रिकामा, दोन्ही दिसायला सारखेच. वजन करणे हाच उपाय. हा वायू एकतीस अंशांपर्यंत दाबाखाली द्रव राहतो. त्यापुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसपुढे जातो. सिलिंडर काठोकाठ न भरता त्यात मोकळी जागा राखतात ती यासाठी. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी घेतात तीही यासाठीच.

चाचणीत नापास झालेल्या सिलिंडरबद्दल नियमांची भाषा मला फार आवडते. तो नुसता फेकून द्या असे नियम म्हणत नाहीत. तो पूर्ण चपटा करा, किंवा असे तुकडे करा की ते पुन्हा वेल्डिंगने जोडून सिलिंडर बनवता येणार नाही, असे ते सांगतात. आणि मग त्याची नोंद बंद करा. हा नियम लिहिणाऱ्याने आपला भंगारबाजार नीट पाहिलेला असावा. आपल्याकडे टाकलेली वस्तू मरत नाही. नवा रंग लावून ती दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर जाते.

मधल्या काळात आणखी एक पिढी आली, हॅलॉनची. संगणकाच्या खोल्या, विमाने, रणगाडे, सर्वत्र हा वायू वापरला गेला. आग विझे आणि यंत्रावर डागही पडत नसे. पण तो ओझोनचा थर फार जोरात खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर श्रीमंत देशांनी १९९४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबवायचे ठरले, इतरांनी २०१० पर्यंत. भारत १९९२ साली करारात आला आणि २००० साली ओझोनविषयक नियम झाले. गंमत अशी, की विमानांना हॅलॉन अजूनही लागतो, आणि तो नव्याने तर बनत नाही. म्हणून जुन्या सिलिंडरांतला हॅलॉन गोळा करून शुद्ध करण्याची सोय दिल्लीला डी.आर.डी.ओ.च्या अग्निसुरक्षा प्रयोगशाळेत उभी राहिली. जुन्या कार्यालयात असा सिलिंडर सापडला तर तो हवेत सोडून रिकामा करणे म्हणजे दुहेरी नुकसान.

तर मग घरच्या आणि सोसायटीच्या अग्निशामकांचे काय? २०१० च्या आय.एस. २१९० या मानकाने त्यांचे आयुष्य ठरवले: पाणी, फेस आणि पावडर यांचे दहा वर्षे, कार्बन डायऑक्साइडचे पंधरा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याखाली परवानाधारक एजन्सी असतात, आणि इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. जुना सिलिंडर याच एजन्सीच्या हाती द्यावा आणि त्याचा नंबर लिहिलेली पावती मागून घ्यावी. पावडर गटारात ओतू नये, फेस तर नकोच. नाग नदीला आपण आधीच पुष्कळ दिले आहे. पावडरीत अमोनियम फॉस्फेट असते, ते खतातही असते, असे ऐकून आमच्या एका सदस्याने ती कुंड्यांत घालायची तयारी केली होती. पण ती मोकळी वाहावी म्हणून तिच्यावर सिलिकॉनचा लेप दिलेला असतो. त्यांना महत्प्रयासाने थांबवले.

मुदत संपत आलेला पण अंगाने धडधाकट असलेला अग्निशामक वापरायची उत्तम जागा म्हणजे प्रात्यक्षिक. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात चार लोकांना आपल्या हाताने पिन ओढून पाहू द्यावी. आयुष्यात एकदाही पिन न ओढलेला माणूस खऱ्या आगीत काय करणार?

आमच्या सहापैकी तीन पावडरचे होते. त्यांच्या आत वायूची छोटी काडतुसे शाबूत निघाली. एजन्सीच्या माणसांनी ती आधी बाहेर काढली आणि मगच टाक्या कापल्या. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर चाचणीत नापास झाला. त्याच्या तुकड्यांचा फोटो आणि मानेवर ठोकलेला नंबर सोसायटीच्या फाइलीत आहे. उरलेले दोन सोडा-ॲसिडचे. एका नळकांड्यातली कुपी फुटलेली होती, दुसऱ्यातली तेजाबाने भरलेली. ती काढून घेतल्यावर शेजाऱ्यांनी रिकामे नळकांडे उलटे केले आणि तळावर हातोडीचा हलकासा ठोका दिला. हातोडी आत गेली.