होशंगाबादची आगकाडी

परवा नातवाच्या लहानपणीचा फोटो टाकला होता. त्याच्या हातात काय आहे, असं दोघांतिघांनी विचारलं, म्हणून लिहितो.

2012 साल. पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातवाच्या शाळेची मुलं 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत निघाली, मीही सोबत गेलो. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ही वास्तू झाली, म्हणून नाव 'पुलस्त्य'. तिकीट नाही. सगळ्याला हात लावायचा, मोडलं तर पुन्हा करायचं. सामान म्हणजे स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या, रद्दी! नातवानं आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून चौकोन केला. दाबला की तिरपा होई. मग त्रिकोण केला, तो काही हलेना. "आजोबा, म्हणून पुलाला त्रिकोण असतात?"

मी गप्प. कारण हेच मी आधी पाहिलं होतं, आपल्याच मध्य प्रदेशात.

1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. 1978 मध्ये ते जिल्हाभर झालं. त्याच वर्षी पुण्यातल्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनियर तिथे आले. आगकाडी आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ त्यांनी तिथेच जमवला. पुढे 2003 पासून अकरा वर्षं ते मुक्तांगणात होते. 1982 मध्ये 'एकलव्य' संस्था झाली, काम देवास-उज्जैनकडेही आलं. 2002 मध्ये राज्य सरकारनं ते बंद केलं.

आता माझं सांगतो. ऐंशीच्या दशकात माझी बदली पिपरियाला होती. मुलगा सहावीत. 'बाल वैज्ञानिक' पुस्तकात प्रश्न होते, उत्तरंच नव्हती, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायचं! आम्ही कॉमर्सवाले, ताळा जुळला पाहिजे. मला वाटलं, पोरगं वाया जाणार. तो पानं गोळा करत, भिंगातून बघत रमला होता. वर्षाच्या मध्येच त्याला इंदूरला आजीकडे पाठवलं. रडला होता.

त्या संध्याकाळी पुण्यात त्यानं मुलाच्या हातातला त्रिकोण घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, माझा पिपरियालाच राहिला होता."

नातू गेल्या मे महिन्यात सुदामा नगरला आला, तेव्हा व्हॉल्व्ह ट्यूब शोधत आम्ही तीन सायकलवाल्यांकडे गेलो. तिसऱ्याकडे मिळाली.