मतपेटी नसलेला संप

गिरणी संप म्हटलं की डॉ. दत्ता सामंत आठवतात. पण गंमत बघा, १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार त्यांच्यामागे बाहेर पडले, तरी वाटाघाटींचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला! कारण १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. 'प्रातिनिधिक' युनियन ठरायची ती सभासदांच्या नोंदींवरून, गुप्त मतदानाने नाही. आपल्या भाषेत जुना कॅशच की हा, रिफ्रेश न होणारा.

लाटेत पडलेल्या मतापेक्षा नेमाने वर्गणी भरणारा सभासद खरा, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा अगदीच फालतू नाही म्हणा. मतदानाने संप जिंकला असता असंही मी म्हणत नाही. पण बोलणी कुणाशी करायची, ते तरी कामगारांनी ठरवलं असतं.