आयएनएस बंगाल

आयएनएस बंगाल ही भारतीय नौदलातील बाथर्स्ट वर्गाची सुरुंगनिवारक नौका, म्हणजेच माइनस्वीपर होती. स्वातंत्र्यापूर्वी ती 'एचएमआयएस बंगाल' या नावाने रॉयल इंडियन नेव्हीत होती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात तिने आपल्यापेक्षा कित्येक पटींनी मोठ्या दोन जपानी युद्धनौकांशी झुंज दिली. या एका लढाईमुळेच ती मुख्यतः ओळखली जाते.

पार्श्वभूमी

सुरुंगनिवारक नौका कातऱ्या बसवलेली पोलादी तार पाण्याखालून ओढत नेते. सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर या कातऱ्यांनी तुटला की सुरुंग पृष्ठभागावर येतो व गोळीबाराने तो नष्ट केला जातो. मुंबई बंदराला अशा नौकांची गरज पहिल्या महायुद्धातच जाणवली होती. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'वोल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि त्यांपैकी एकावर आदळून 'मंगोलिया' ही पी. अँड ओ. कंपनीची आगबोट २३ जून १९१७ रोजी बुडाली.

रॉयल इंडियन नेव्ही व तिची पूर्वज रॉयल इंडियन मरीन यांतील खलाशांची भरती दीर्घकाळ प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरून, विशेषतः कोकणी मुसलमानांमधून होत असे. दाभोळ, हेदवी, जयगड ही गावे याच किनाऱ्यावर वसलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा झपाट्याने विस्तार झाल्यावर भरती देशभर पसरली.

बांधणी

बाथर्स्ट वर्गाच्या एकूण ६० नौका ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या. त्यांपैकी बॉम्बे, मद्रास, पंजाब आणि बंगाल या चार भारतासाठी होत्या. बंगालची बांधणी सिडनीच्या कॉकाटू गोदीत डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झाली. २८ मे १९४२ रोजी तिचे जलावतरण झाले व ऑगस्टमध्ये ती सेवेत दाखल झाली. तिची लांबी सुमारे ५७ मीटर, तर वेग १५ नॉट होता. मुख्य शस्त्र म्हणजे १२ पौंडी गोळ्यांची एकच तोफ. शिवाय विमानविरोधी हलक्या तोफा होत्या. सुरुंग काढण्यासाठी आणि पाणबुड्यांपासून काफिल्यांचे रक्षण करण्यासाठी एवढी शस्त्रे पुरेशी होती. मोठ्या युद्धनौकेशी लढण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती.

११ नोव्हेंबर १९४२ ची लढाई

सेवेत येऊन अवघे तीन महिने झाले असताना बंगाल ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली. सोबत 'ओंदिना' हे डच तेलवाहू जहाज होते. ते रिकामे होते आणि त्याच्यावर १०२ मिमीची एक तोफ व थोडेसेच गोळे होते. बंगालचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन यांच्याकडे होते.

कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस 'होकोकू मारू' व 'आयकोकू मारू' ही जपानी जहाजे समोर आली. मुळात प्रवासी-मालवाहू असलेल्या या जहाजांचे सशस्त्र क्रूझरमध्ये रूपांतर केलेले होते. प्रत्येकाचे टनभार सुमारे १०,४०० होते आणि १४० मिमीच्या तोफांबरोबरच टॉर्पेडोही होते. त्याच वर्षी या जोडीने 'जेनोटा' व 'हौराकी' ही जहाजे पकडली होती आणि 'एलिसिया' बुडवले होते.

विल्सन यांनी ओंदिनाला निसटण्याचा आदेश दिला आणि स्वतः बंगाल सरळ होकोकू मारूच्या रोखाने नेली. ओंदिनाही पूर्णपणे निघून न जाता गोळीबार करत राहिली. थोड्याच वेळात होकोकू मारूच्या मागील भागावर गोळा बसला, आग लागली व मोठा स्फोट होऊन ते जहाज बुडाले. बंगालचा दारूगोळा संपत आला होता आणि तिलाही गोळे लागले होते. धुराचा पडदा सोडून ती रणक्षेत्राबाहेर पडली व दिएगो गार्सियाला पोहोचली. तिच्यावरील एकही माणूस दगावला नाही.

ओंदिनाच्या वाट्याला अधिक कठीण प्रसंग आला. कप्तान विलेम होर्समन ठार झाले, जहाजाला टॉर्पेडो लागले आणि होड्यांत उतरलेल्या खलाशांवर आयकोकू मारूने मशीनगन चालवली. मात्र रिकाम्या टाक्यांमुळे ओंदिना तरंगत राहिली. जपानी जहाज निघून गेल्यावर वाचलेले खलाशी पुन्हा ओंदिनावर चढले आणि १८ नोव्हेंबरला त्यांनी ती फ्रीमँटलला परत आणली.

श्रेयाचा प्रश्न

होकोकू मारूला लागलेला निर्णायक गोळा कोणाचा, याबाबत एकमत नाही. भारतीय व ब्रिटिश वृत्तांतांनी ते श्रेय बंगालला दिले, तर डच लेखनात ते ओंदिनाच्या तोफेला दिले जाते. त्या क्षणी दोघीही मारा करत होत्या. ओंदिनाची तोफ अधिक मोठी असल्याने डच दावा हलका मानता येत नाही. मात्र १२ पौंडी तोफेच्या जोरावर शत्रूच्या दिशेने जाण्याचा विल्सन यांचा निर्णय या वादाने बाधित होत नाही. या लढाईसाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान मिळाला.

नंतरची सेवा

१९४७ मध्ये नौदलाच्या वाटणीत बंगाल भारताकडे राहिली. ज्या प्रांताचे नाव तिला दिले होते, त्याची मात्र त्याच वर्षी फाळणी झाली. १९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाल्यावर भारतीय नौदलाच्या इतर नौकांप्रमाणे तिच्या नावाआधी 'आयएनएस' हे उपपद आले. १९६० मध्ये तिला सेवेतून निवृत्त करून मोडीत काढण्यात आले.