घाट चढणारी सायकल

चढ लागला की सायकलवाला खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलू लागतो, हे आपण नेहमी पाहता. त्यात कमीपणा कसला? पण गंमत अशी की, चढावर न उतरता जाण्याची युक्ती निघाली, तेव्हा ती वापरणे हाच कमीपणा, असे काही जाणती माणसे म्हणू लागली. त्या वादाची ही हकीगत.

फ्रान्स देशात सेंत-एत्येन नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे आणि रेशमी फितींचे कारखाने, अशी त्याची त्या काळी ख्याती होती. गावाबाहेर पडले की डोंगर सुरू होतो आणि 1161 मीटर उंचीच्या रिपब्लिक खिंडीपर्यंत रस्ता चढतच जातो. या गावात पॉल द विवी नावाचे गृहस्थ राहत. त्यांचा जन्म 1853 चा. रेशमाचा व्यापार सोडून ते सायकलीच्या धंद्यात पडले आणि 1887 साली त्यांनी सायकलस्वारांसाठी मासिक काढले. त्यात ते ‘वेलोसियो’ या नावाने लिहीत.

सुटीच्या दिवशी पहाटेच सोबती जमवून डोंगरात निघायचे, हा त्यांचा नेम. या मेळ्याला लोक ‘सेंत-एत्येनची शाळा’ म्हणत. एकदा खिंड चढताना तोंडात पाइप धरलेला एक तरुण त्यांना सहज मागे टाकून गेला, असे सांगतात. वेलोसियो विचारात पडले: वय वाढले म्हणून डोंगर सोडायचा का?

उपाय साधा होता. देवळाच्या पायऱ्या उंच असल्या तर थोड्या लागतात, पण गुडघे दुखतात. बुटक्या असल्या तर पुष्कळ लागतात, पण म्हातारा माणूसही वर पोचतो. सायकलचे तसेच आहे. पुढचे दातेरी चक्र लहान केले की पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण जोर कमी पडतो. वेलोसियोंनी पुढे दोन चक्रे बसवली. चढ आला की खाली उतरून साखळी हाताने एकीवरून दुसरीवर घ्यायची. मग सुधारणा होत गेल्या. 1902 साली पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले खिंडीवर सायकलींची परीक्षा झाली, तेव्हा मार्थ एस नावाच्या बाई तीन गिअरच्या सायकलवर पाय न टेकता वर गेल्या.

तरी शर्यतवाल्यांना हे पटेना. ‘तूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत 1903 साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती याच रिपब्लिक खिंडीवरून गेली. तिचे चालक आंरी देग्रांज यांचे मत असे की, गिअर हे वय झालेल्यांसाठी; खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे. चालू सायकलवर साखळी बदलणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत 1937 साली मुभा मिळाली. तोवर वेलोसियो हयात नव्हते. 1930 साली सायकल हातात धरून रस्त्याने जात असता ट्रामच्या धडकेने त्यांचा अंत झाला. मात्र 1922 पासून त्यांच्या नावाने त्या खिंडीवर सायकलस्वारांचा मेळा भरू लागला होता. त्यात तरुणांच्या बरोबरीने म्हातारी माणसे, बायका, मुलेही चढ चढत.

तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये, असे वेलोसियो सोबत्यांना सांगत.

गुरुजी, गावात गिअरची सायकल असेल तर ती वर्गापुढे उलटी उभी करा. पुढे 48 दाते, मागे 16 असले तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे होतात. पुढचे 32 असले तर दोनच. मुलांना मोजू द्या. भागाकार तर कळेलच. शिवाय हेही कळेल की, अवजार सोपे झाले म्हणून कष्ट खोटे ठरत नाहीत. डोंगर तेवढाच राहतो. तो चढणारी माणसे मात्र वाढतात.