पेठेतला चॉकलेट केक

पुण्याच्या केकचा इतिहास निघाला की गोष्ट थेट लष्कर भागात जाते. तसं जायला कारणही आहे. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी पेशवाई संपली आणि इंग्रजांची छावणी शहराच्या पूर्वेला वसली. छावणीला रोज पाव लागायचा. पावामागून बिस्किटं आली, केक आले. गोव्याचे, पारशी आणि इराणी बेकरीवाले तिथे स्थिरावले. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी 1955 ची. तिचा मावा केक आणि श्रूजबेरी बिस्किटं घ्यायला लोक आजही रांग लावतात.

पण सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांत चॉकलेट केक कसा पोचला, हे फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या आईने आमच्या दोन खोल्यांत केकचे क्लास घेतले, पुढे मी घेतले. त्या अनुभवावर मी ठामपणे सांगते, की पेठेतल्या चॉकलेट केकचा वंश वेगळा आहे. ज्या घरांत ओव्हन नव्हता, अंडं चालत नव्हतं आणि कोको चमच्याने मोजून वापरावा लागत होता, त्या घरांतल्या बायकांनी तो घडवला.

आधी आचेचं बघू. वरून-खालून कोरडी आच देऊन भाजणं आपल्याकडे जुनंच आहे. कोकणात काकडीचं धोंडस करतात, ते जाड बुडाच्या पातेल्यात. झाकणावर निखारे, खाली निखारे. माझी आजी रत्नागिरीकडची. पुण्यात शेगडीवर ती नानकटाई अशीच भाजायची. दिवाळीत जास्त करायची असली तर पीठ मळून, ट्रेवर मांडून, नावाची चिठ्ठी लावून जवळच्या बेकरीत भाजायला द्यायचं. पेठेतले पहिले केकसुद्धा याच वाटेने बेकरीच्या भट्टीत जाऊन आले.

हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही प्रेशर कुकर 1959 मध्ये आले आणि थोड्याच वर्षांत कुकर घरोघरी दिसू लागला. मग केक त्यातच होऊ लागला. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी धुऊन वाळवलेल्या वाळूचा थर द्यायचा, दहा मिनिटं तापवायचं आणि केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास विसरून जायचं. वाळू आच धरून ठेवते आणि सगळीकडे सारखी पसरवते, म्हणून केकचं बूड करपत नाही. पाण्याशिवाय तापवल्याने कुकर खराब होतो, त्यामुळे यासाठी जुना कुकर बाजूला काढलेला असायचा. केक झाला की नाही ते बघायला विणायची सुई. नंतर तुळशीबागेत गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन मिळू लागला. झाकणाला काचेची खिडकी आणि आत कॉइल. तापमान दाखवायची सोय त्यात नव्हती. वासावरून बटण बंद-चालू करायला आईने शेकडो जणींना शिकवलं.

अंड्याचा प्रश्न जास्त अवघड होता. माझे वडील डेक्कनवरच्या गुडलकमध्ये आवडीने ऑम्लेट खायचे, पण घरात अंडं आलेलं आजीला चालत नसे. अशी घरं पुष्कळ होती. केकमध्ये अंडं दोन कामं करतं: हवा धरून केक फुगवतं आणि शिजल्यावर घट्ट होऊन त्याला उभा ठेवतं. ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यायची होती.

इथे बर्मिंगहॅमच्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. आल्फ्रेड बर्ड हा औषधं विकणारा रसायनतज्ज्ञ. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून 1837 मध्ये त्याने कॉर्नफ्लोअरची बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर केली. एका बाईच्या पथ्यातून निघालेल्या या दोन पावडरींनी पुढे आपल्याकडच्या सोवळ्या स्वयंपाकघरांची सोय केली. आणि त्या लांबून आणाव्या लागल्या नाहीत. 1956 मध्ये पुण्यातच वीकफिल्ड कंपनी सुरू झाली. कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर, कॉर्नफ्लोअर आणि कोको ही तिची उत्पादनं पेठेतल्या वाण्याच्या फळीवर आली, तेव्हा चॉकलेट केकचं निम्मं सामान कोपऱ्यावर मिळू लागलं.

आईच्या वहीत बिनअंड्याच्या चॉकलेट केकच्या तीन रीती आहेत. पहिली दह्याची: वाटीभर दह्यात पिठीसाखर आणि सोडा घालून फेस येऊ द्यायचा, मग तेल, मैदा, कोको. दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून केक फुगवतात. दुसरी व्हिनेगरची: त्यात दूध-लोणीसुद्धा नाही. टंचाईच्या काळात अमेरिकेतल्या गृहिणींनी जवळपास हाच केक केला होता. तिसरी कंडेन्स्ड मिल्कची, आणि वाढदिवसाला हीच: 400 ग्रॅमचा डबा, 250 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, चार मोठे चमचे कोको, बेकिंग पावडर, थोडा सोडा आणि सैल करायला पाणी. आटवलेल्या दुधातले घटक केकला बांधून ठेवतात आणि साखर त्याला दोन दिवस मऊ ठेवते. डबा महाग होता, म्हणून पुष्कळ घरी तो वर्षातून एकदाच फोडला जाई.

1982 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे आणि अंडी खाण्याचा प्रचार तिने देशभर केला. तरी माझ्या क्लासला बिनअंड्याच्या केकची मागणी कधी कमी झाली नाही. अंडं खाणारी मंडळीही समारंभाला बिनअंड्याचा केक करतात, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला तो खाता येतो. यात मला पाहुण्यांची कदर दिसते.

आता कोको. 1828 मध्ये हॉलंडच्या व्हान हाउटेनने कोकोच्या बियांच्या लगद्यातून चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे आपला कोको. ही भुकटी आली म्हणून चॉकलेटचा केक घरात करणं जगभर शक्य झालं. भारतात कॅडबरी 1948 मध्ये आली. पुढे तळेगावजवळ इंदुरीला तिचा कारखाना उभा राहिला आणि केरळात कोकोची लागवड वाढली. तरी आमच्या लहानपणी कोकोचा डबा जपूनच वापरायचा. त्यामुळे आईचा केक काळा नसे, तपकिरी असे, आणि रंग कमी पडला तर ती चमचाभर साखर जाळून घालायची.

कोरेगाव पार्कात 1974 मध्ये रजनीशांचा आश्रम झाला. परदेशी लोक आले आणि 1989 मध्ये जर्मन बेकरी उघडली. तिथले जाड, ओलसर केक खाऊन आलेल्या मुली क्लासमध्ये तसंच काहीतरी शिकवा म्हणू लागल्या. ब्राउनी, ट्रफल, ब्लॅक फॉरेस्ट हे शब्द वहीत शिरले. त्यांना कोकोची भुकटी पुरेना. मग रविवार पेठेत बोहरी आळीत कंपाउंड चॉकलेटच्या लाद्या मिळू लागल्या. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो, म्हणून ते गरम पाण्यावर वितळवून साच्यात ओतलं की आपल्या हवेतही घट्ट राहतं. खऱ्या चॉकलेटची चव त्याला नाही, हे मी प्रत्येक बॅचला सांगितलं. पण याच लादीमुळे मिठाईच्या दुकानात चॉकलेटचा थर दिलेली बर्फी आणि गणपतीत चॉकलेटचे मोदक आले.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा बिस्किटं कुटून, दूध आणि इनो घालून कुकरमध्ये केक करण्याची लाट आली. अनेकांना ती नवी युक्ती वाटली. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं. आईच्या दह्या-सोड्याचंच ते दुसरं रूप. शिट्टी आणि रिंग काढलेला कोरडा कुकर तर तोच.

हा इतिहास दुकानांच्या पाट्यांवर सापडत नाही. तो लोणी लागून पिवळ्या पडलेल्या वह्यांत आहे आणि घर बदलताना त्या वह्या रद्दीत जात आहेत. तुमच्या आईची, मावशीची, काकूची केकची वही घरात असेल तर ती टाकू नका. प्रत्येक कृतीपुढे ती कुणाकडून आली, साधारण कोणत्या साली केली आणि कशावर भाजली, एवढं विचारून लिहून ठेवा. आणि वहीतली वाटी किती मापाची होती, ते आजच मोजून घ्या. त्याशिवाय तो केक पुन्हा करता येणार नाही.