फ्लॅश चिपचा पत्ता कोण सांगणार?

वीज जाऊन आली तरी घरातला इंटरनेटचा राउटर आपले काम विसरत नाही. त्याची आज्ञावली नखाएवढ्या फ्लॅश चिपमध्ये असते. ही स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जाहीर केली. हिच्यातील एखादा बाइट सुटा पुसता येत नाही, पूर्ण ठोकळा एकदम पुसावा लागतो. ते पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले.

पण ही चिप संगणकाला सापडते कशी? यूएसबीला जोडलेली वस्तू आपली ओळख आपणच देते. पुष्कळ राउटरमधील फ्लॅश मात्र एसपीआय नावाच्या मोजक्या तारांच्या जोडणीवर असते आणि तेथे 'कोण कोण आहे?' असे पुकारण्याची सोयच नाही. चिपची जागा आधी ठाऊक असेल, तरच तिला ९एफ ही आज्ञा देऊन नाव विचारता येते. एसटी कंपनीची एम२५पी८० ही चिप यावर २०, २०, १४ असे उत्तर देते. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा प्रकाराचा. तिसरा षोडशमान पद्धतीतला १४, म्हणजे आपले २०. दोनाचा विसावा घात काढला की १०,४८,५७६ बाइट ही तिची क्षमता मिळते. वर्गात फळ्यावर करून घ्यावे असे हे गणित आहे.

जागा सांगायची कोणी? लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एआरएम जातीच्या बोर्डांसाठी सी भाषेत वेगवेगळ्या फाइली लिहीत. बोर्ड वाढले तसा पसारा वाढला. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर त्रागा केला. उपाय जुनाच होता. सन कंपनीच्या संगणकांत यंत्राचे वर्णन झाडाच्या रूपात ठेवीत. १९९४ मध्ये त्याचे मानक झाले आणि २००५ पासून पॉवरपीसीवरील लिनक्सने ते आपल्या सोयीने वापरले. हे 'डिव्हाइस ट्री' आता एआरएमनेही उचलले.

मात्र झाड लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा, तेव्हा शब्द ठरवून नोंदवणे आले. राउटरमध्ये बसलेले वर्णन वर्षानुवर्षे तसेच राहते, त्यामुळे नव्या कर्नललाही जुने शब्द कळावे लागतात. एम२५पी८० साठी लिहिलेला ड्रायव्हर पुढे इतर कंपन्यांच्या चिप्सही हाताळू लागला. २०१५ मध्ये 'जेडेक, एसपीआय-नॉर' हे सर्वांना चालणारे नाव आले आणि ९एफला उत्तर देणाऱ्या प्रत्येक चिपच्या वर्णनात ते असावे, असे नोंदवले गेले. तरी जलद वाचनाच्या गुणधर्माला 'एम२५पी' चिकटून राहिलेच. गावाचे जुने नाव एसटीच्या पाटीवर राहावे, तसे आम्हांला ते वाटते!

या नोंदी आधी साध्या गद्यात होत्या. २०१८-१९ पासून त्या यंत्राला तपासता येतील अशा रूपात लिहिल्या जाऊ लागल्या. चुकलेला शब्द आता यंत्र पकडते. शब्द बरोबर पण माहिती खोटी असेल, तर ते त्याला कळत नाही. याच झाडात चिपचे विभागही लिहिलेले असतात: येथे यंत्र सुरू करणारी आज्ञावली, पुढे कर्नल, मग आपली माहिती. विभागाची सीमा ठोकळ्याच्या मधोमध लिहिली गेली, तर माहिती पुसताना शेजारची आज्ञावलीही जाईल आणि राउटर पुन्हा सुरूच होणार नाही. म्हणून अशी सीमा दिसली की लिनक्स तो विभाग केवळ वाचनापुरता उघडतो, त्यात लिहू देत नाही.